छाटणी झाली की

दादाच्या ट्रॅक्टरचं इंजिन चांगलं निघालं. तो गेल्यापासून ट्रॅक्टर शेडमध्ये उभाच होता, म्हणून मनाची तयारी करूनच मी बॉनेट उघडलं. बॅटरी मेली होती, उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं, टाकीच्या तळाशी डिझेलचा चिकट गाळ बसला होता. पण हे सगळं उभं राहिल्यामुळे झालेलं. तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं होतं. ऑइल दुधाळ झालेलं नव्हतं, म्हणजे हेड गॅस्केट शाबूत. एअर क्लीनरच्या वाटीत मातीचा थर नव्हता. ग्रीसच्या एकेका निपलवर जुन्या ग्रीसची ओली टोपी अजून होती. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या मुलांना आयुष्यभर शिकवलं; इतकं नीट राखलेलं जुनं इंजिन माझ्या टेबलावर क्वचित आलं. आणि तेच पाहून मला खाली बसावं लागलं.

ट्रॅक्टर मित्सुबिशी शक्ती, साडेअठरा हॉर्सपॉवरचा, चारही चाकांना ओढ असलेला. आमच्या तासगाव भागात द्राक्षाच्या दोन ओळींत नऊ फुटांच्या आसपास अंतर, त्यात दोन्ही बाजूंनी काड्या आणि तारा आत आलेल्या. तिथे मोठा ट्रॅक्टर शिरला तर घडांचा चेंदा होतो. छोटा ट्रॅक्टर येण्याआधी औषध मारायचं म्हणजे पंप बांधावर ठेवायचा आणि लांबलचक नळी ओढत ओळीओळीनं फिरायचं. दादाच्या हातात गन असायची, मागे नळी वहिनी ओढायची. बोर्डो मारून दोघं घरी यायचे तेव्हा दोघांच्या हातांवर, कपाळावर, वहिनीच्या बांगड्यांवर मोरचुदाचे निळे डाग. ट्रॅक्टर आला, त्याच्यामागे ब्लोअर जोडला आणि वहिनीच्या खांद्यावरची नळी सुटली. दादा त्या ट्रॅक्टरला इतका का जपायचा, याचं हे कारण मला नंतर वहिनीकडून कळलं. तो स्वतः कधी बोलला नाही.

2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, तेव्हा बागा फुलोऱ्यात होत्या. द्राक्षबागायतदाराला विचारा, फुलोऱ्यातला पाऊस म्हणजे काय. पानावर, घडावर पाणी साचून राहिलं की काही तासांत डाऊनीची बुरशी आत शिरते आणि कोवळा घड तपकिरी होऊन गळतो. औषध मारावं तर पुढची सर ते धुऊन नेते. सर थांबली की पुन्हा मारायचं. त्या दिवसांत दादा रात्री ट्रॅक्टरवरच असायचा. चिखलात चारही चाकं चालवत, एका मंद दिव्यावर, मिटल्या ओठांनी. बाग अर्धी वाचली. सबंध गावात अर्धी बाग वाचणं म्हणजे तेव्हा भाग्य होतं.

शेडच्या भिंतीवर त्यानं खडूनं लिहून ठेवलेलं आहे. एका बाजूला ऑइल बदलल्याच्या तारखा, डिझेल फिल्टरच्या तारखा, ओळीनं. दुसऱ्या बाजूला मथळा: ‘छाटणी झाली की’. त्याखाली यादी. सीट. क्लच पायडल जड. दिवा. सायलेन्सर. शाफ्टचं कव्हर. छत.

ही यादी मी बरेच दिवस कामाची यादी म्हणून वाचत होतो. डिझेलची लाइन मोकळी केली, फिल्टर बदलला, पंपाचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली, नोझल तालुक्याला टेस्टरवर तपासून आणले. इंजिन फिरायचं, पांढरा धूर सोडायचं, पण पकडायचं नाही. ग्लो प्लग काढले तर दोन गेलेले. पूर्वी कधीतरी त्यांची वायर थेट करून दादानं जुन्या जीपच्या हॉर्नचं बटण बसवलं होतं, ते किती वेळ दाबायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं. वहिनी म्हणाली, “पाच वेळा रामकृष्णहरी म्हणायचे, मग चावी फिरवायचे.” नवे प्लग बसवून मी तसंच केलं. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. वहिनी आत निघून गेली. मी बटण बदललं नाही. पाच वेळा रामकृष्णहरी म्हणायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ प्लग तापायला पुरतो.

इंजिन सुरू झाल्यावर मी त्या सीटवर बसलो, आणि यादी वेगळीच दिसू लागली. यंत्राला जे लागतं ते सगळं दादानं वेळेवर केलं होतं. ऑइल, ग्रीस, फिल्टर, पट्टा, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला गंधकाचा धुरळा, काहीही त्यानं छाटणीनंतरवर ढकललं नव्हतं. ढकललेलं एकूण एक काम चालवणाऱ्याच्या शरीराचं होतं. सीटचा फोम कधीच गेला होता, तिथे त्यानं पोत्याची घडी टाकली होती, म्हणजे चाकाखालचा प्रत्येक दगड त्याच्या मणक्यात जायचा. सायलेन्सर फुटका, म्हणून डाव्या कानानं त्याला शेवटी शेवटी कमी ऐकू यायचं. पायडलचा बुश गंजून धरला होता, म्हणून गुडघा दुखायचा. यंत्राचा तो मालक होता आणि स्वतःच्या शरीराचा नुसता गडी. आपल्याकडे अशा माणसाचं ‘कसलं जुगाड करतो बघा’ म्हणून कौतुक होतं. मला ते कौतुक आता सोसत नाही. पोत्याची घडी ही कल्पकता नव्हती. हंगामानं त्याला खुर्ची घ्यायला उसंत दिली नाही, एवढंच ते होतं.

मग मी त्या यादीतली कामं हातात घेतली. सीट जुन्या बाजारातून आणली, खाली स्प्रिंग असलेली, आणि आता चालवणाऱ्या पुतण्याची उंची जास्त म्हणून मागेपुढे सरकेल अशी पट्टी वेल्ड केली. पायडलचा बुश ठोकून काढला, पितळी बसवला; आता पायडल तळव्याच्या दाबानं खाली जातं. दिव्यांचं काम सोपं निघालं. पंचावन्न वॅटचे दोन हॅलोजन लावले तर बारा व्होल्टवर नऊ अँपिअर खातात, जुन्या चार्जिंगला ते झेपत नाही. अठरा वॅटचा एलईडी दीड अँपिअरवर ओळीच्या टोकापर्यंत उजेड टाकतो.

सगळ्यात जास्त वेळ शाफ्टच्या कव्हरला गेला. ब्लोअर फिरवणारा पीटीओचा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. टॉवेलचं टोक, शर्टाची बाही, ओढणी, काहीही त्यात सापडलं तर हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. दादाचा टॉवेल एकदा त्यात गेला होता. गळ्याभोवती गुंडाळलेला नव्हता म्हणून सुटला. तरी कव्हर माळ्यावरच राहिलं. कव्हर चढवलं की क्रॉस जॉइंटच्या निपलपर्यंत ग्रीस गन पोचत नाही, आणि ग्रीसिंग चुकवणं त्याला मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. म्हणून मी कव्हरला निपलच्या समोर खिडकी कापली आणि तिला खटक्याचं झाकण केलं. इंजिन बंद करायचं, खिडकी उघडायची, ग्रीस मारायचं. हे काम करताना मी त्याच्याशी मोठ्यानं वाद घालत होतो, असं पुतण्या सांगतो. असेनही.

त्या भिंतीवर न लिहिलेलं एक काम होतं. फळछाटणीच्या सुमाराला दादाला छातीत जळजळायला लागलं. चढ चढताना डावा खांदा भरून यायचा. मी फोनवर म्हटलं, सांगलीला चल, तपासून घेऊ. तो म्हणाला, “आरं, छाटणी झाली की दाखवतो.” छाटणी झाली की लगेच पेस्ट लावायची असते. पेस्ट लागली की डोळे फुगतात, आणि मग फवारण्या एकामागोमाग एक. द्राक्षाच्या वर्षात ‘झाली की’ असा दिवस नसतो; एप्रिलची खरडछाटणी झाली की ऑक्टोबरची दिसू लागते. डोळे फुटून बाग पोंग्यात असताना एका पहाटे तो गेला. “त्याच आठवड्यात ट्रॅक्टरचं ऑइल बदललं हुतं त्यांनी, भाऊजी,” वहिनी मला म्हणाली. भिंतीवर ती तारीख आहे. पुतण्यानं तिच्याखाली आता पुढची लिहिली आहे.

माझं द्राक्षवाल्यांना, आणि शेतात राबणाऱ्या कुणालाही, हात जोडून सांगणं आहे. चालताना छातीत जळजळत असेल, हात-खांदा भरून येत असेल, उगाच घाम फुटत असेल, तर तेव्हाच कात्री खाली ठेवा आणि तालुक्याला जा. ईसीजी निघायला दहा मिनिटं पुरतात. घरातला माणूस ‘छाटणी झाली की’ म्हणाला तर त्याचं ऐकू नका, त्याला गाडीत घाला. छाटणी आठ दिवस लांबली तरी बागेला द्राक्षं येतात.