आबांची दिडकी आणि सुकलेला कंडेन्सर

१९८३ चा गणपती. इंदूरला रामबागेत आमचा वाडा, मधे चौक, चौकात गणपती. दरवर्षी एका संध्याकाळी आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं प्रवचन असायचं. पण त्या उन्हाळ्यात आबा आजारी पडले आणि आवाज पार बसला. "या वर्षी राहू दे. मागे ऐकूच जात नाही, मग लोक गप्पा मारतात," ते म्हणाले. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, अंगात इलेक्ट्रॉनिक्सचं वारं. म्हटलं, "आबा, मी माइक करून देतो."

बेत सोपा होता. बटणाएवढा माइक, बीसी १४८ या एकाच ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, नऊ व्होल्टची बॅटरी. पुढचं काम घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं. त्याच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडायची सोय होती. रेडिओ चौकाच्या मागच्या टोकाला ठेवायचा, म्हणजे शिट्टी वाजणार नाही आणि मागच्यांनाही ऐकू येईल.

सर्किट जोडलं. आवाज आला, पण इतका बारीक की स्पीकरला कान लावावा लागे.

तीन संध्याकाळी त्यात गेल्या. आबा माइकसमोर, मी रेडिओपाशी. "हॅलो, हॅलो" म्हणायला आबा तयार नव्हते. "ते काय रे सारखं हॅलो? त्यापेक्षा हे ऐक," म्हणून त्यांनी पावकी सुरू केली. मग निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण शाळा हिंदी, पाढे "दो दूनी चार"चे. पाव, पाऊण, दीडचे पाढे आबांना तोंडपाठ असतील हे मला ठाऊकच नव्हतं. दिडकीत साताला साडेदहा, नवाला साडेतेरा. आबा कुठे अडले नाहीत. अडला होता तो माझा अ‍ॅम्प्लिफायर.

मीटर लावला. कलेक्टरवर ४.३ व्होल्ट, एमिटरवर १, बेसवर १.६. सगळं पुस्तकात होतं तसं. ट्रान्झिस्टर बदलला, माइक बदलला, डाग पुन्हा दिले. फरक शून्य.

चौथ्या दिवशी बोर्ड घेऊन एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. मी सगळे आकडे सांगितले. ते हसले, "भिया, वोल्टेज तो खड़ा है. आवाज़ तो चलती है न?" त्यांनी बोर्ड त्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला आणि एमिटरपाशी माझ्या कंडेन्सरच्या दोन टोकांना नवा १०० मायक्रोफॅरडचा नुसता टेकवला. मी बोलत होतो, दुकान दणाणलं!

पैसे वाचवायला तो कंडेन्सर मी भंगारातल्या रेडिओतून काढला होता. आतून सुकलेला. एमिटरला १ किलोओहमचा रेझिस्टर असतो, तो ट्रान्झिस्टरला स्थिर ठेवतो, पण आवाजालाही धरून ठेवतो. कंडेन्सर आवाजाला त्याच्या बाजूने वाट करून देतो. ती वाट बंद झाली की आवाज जेमतेम चार-पाच पट वाढतो. उघडी असली की दीडशे पटींच्या वर. मीटर मात्र दोन्ही वेळा तेच व्होल्ट दाखवतो, कारण स्थिर करंट कंडेन्सरमधून जातच नाही.

प्रवचन झालं. मागच्या ओळीत कोणी गप्पा मारल्या नाहीत. आबांचं ते शेवटचं प्रवचन ठरलं.

काय बोलले ते आता आठवत नाही. दिडकी मात्र पाठ आहे. कंडेन्सर नवा घेतला असता तर सर्किट पहिल्याच संध्याकाळी चाललं असतं आणि ती माझ्या कानावर कधी पडलीच नसती. माझा नातू परवा विचारत होता, "आजोबा, सवायकी म्हणजे काय?" त्याला शिकवायला बसलो, तर अकराच्या पुढे अडकलो.

तुमच्याकडे कोणाला येते का पूर्ण? येत असेल तर मोबाइलवर म्हणून पाठवा. आवाज बारीक असला तरी चालेल.