एक हुकूम, एक गणिती

सरकारी सेवेत आमची हयात फायलींत गेली. आज रामाकोन्यात निवृत्त जीवन जगतानाही एका ओळीच्या हुकुमाचे बळ आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच जर्मन गणिती फ्रीड्रिख विल्हेल्म लेवी यांचे चरित्र आम्हांला अस्वस्थ करते.

१८८८ साली जन्मलेले लेवी पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने लढले आणि पुढे लाइपझिग विद्यापीठात अध्यापन करू लागले. नाझी राजवटीच्या १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी सेवेतून दूर केले. आघाडीवर लढलेल्यांना त्यात सूट होती. १९३५ मध्ये तीही लेवींच्या कामी आली नाही. नोकरी गेली. कलकत्ता विद्यापीठाने मात्र त्यांना हार्डिंज प्राध्यापकपद दिले.

दुसरे महायुद्ध पेटले. १९४२ च्या डिसेंबरात कलकत्त्यावर जपानी बॉम्ब पडले. १९४३ साली बंगालात माणसे भुकेने मेली. अशा काळात लेवी आधुनिक बीजगणित शिकवीत राहिले. सान्त भूमितीवरील त्यांची व्याख्याने १९४२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. बिंदू व रेषा यांचे संबंध दाखविणारी त्यांची आकृती आज 'लेवी आलेख' म्हणून जगभर ओळखली जाते.

हा ओघ आमच्या मुलखापर्यंत येतो. होशंगाबादेत जन्मलेले राजचंद्र बोस कलकत्त्यात लेवींच्या सहवासात आले. बोसांचे शिष्य शरच्चंद्र श्रीखंडे हे सागरला जन्मलेले, नागपूरला शिकलेले मराठी गृहस्थ. १९५९ साली या गुरुशिष्यांनी पार्करसमवेत ऑयलरचे लॅटिन चौकोनांविषयीचे १७८२ चे अनुमान खोटे ठरविले. हे चौकोन पिकांच्या प्रयोगांतही वापरतात. कोणत्या वाफ्यात कोणते खत घालावे म्हणजे जमिनीचा कस निकालात लुडबुड करणार नाही, हे त्यांवरून ठरते. आमच्या सौंसर-पांढुर्ण्याच्या संत्राबागायतदारांना त्याचे मोल सांगायला नको.

लेवी १९४८ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, १९५२ मध्ये बर्लिनला परतले आणि १९६६ साली निवर्तले. ज्या देशाने घालविले तेथेच ते पुन्हा शिकवू लागले, हा त्यांचा मोठेपणा.

आमचे मन मात्र त्या जुन्या फायलीत अडकते. तो हुकूम तयार करणाराही आमच्यासारखाच कोणी कारकून वा अधिकारी असेल. टिपण नियमाबरहुकूम असेल, सही वेळेवर झाली असेल. हुकूम कायदेशीर आहे एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही, हे सेवेत असलेल्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे, असे आम्हांला वाटते.