एकाच लादीचे पाव

"अम्मी, उद्यापासून डब्यात खिमा-पाव नको. बटाटाच दे."

सहावीतल्या आमच्या धाकट्याने हे सांगितले आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. डबा उघडला की बाकावरची दोन मुले उठून दुसरीकडे बसतात, एवढेच तो बोलला. आम्ही दोघेही शिक्षक. वर्गात एकोप्याचे धडे रोज शिकवतो, पण घरात त्या संध्याकाळी शब्द सुचेना. दुसऱ्या दिवशी डब्यात बटाट्याची भाजी गेली.

रविवारी सकाळी त्याला घेऊन आम्ही बेकरीत गेलो. रांगेत आमच्यापुढे नाक्यावरचा वडापाववाला होता, मागे भुर्जीच्या गाडीवाला. चाचा भट्टीतून निघालेल्या गरम लाद्या कागदात गुंडाळून एकेकाच्या हातात देत होते. मुलाने हळूच विचारले, "सगळे इथूनच पाव नेतात?"

घरी येईपर्यंत आम्ही त्याला पावाचीच गोष्ट सांगितली. पाव हा शब्द मूळचा पोर्तुगीज. गोव्यातले पोदेर पूर्वी माडाच्या सुरेने पीठ फुगवत; आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असते. तिथे नारळाच्या वाटणाचा झणझणीत रस ऑम्लेटवर ओततात आणि पावाने पुसून खातात. मुंबईत इराण्यांच्या हॉटेलांनी खिमा-पाव सकाळच्या न्याहारीला आणला. त्या इराण्यांत झरतुष्ट्री होते, तसे शिया मुसलमानही होते. गिरणी कामगारांना झटपट पोटभर हवे होते, त्यातून पावभाजी रुळली. वडापावचे श्रेय 1966 साली दादर स्टेशनबाहेर गाडी लावणाऱ्या अशोक वैद्य यांना दिले जाते.

"आणि दाबेली?" त्याने विचारले. मागच्या सुट्टीत आम्ही कच्छला गेलो होतो, ते त्याच्या लक्षात होते. दाबेली मांडवीची. रुक्मावतीच्या काठावर लाकडी जहाजे बांधली जातात, ते बंदर. तिथे गाडीवाल्याने पाव मधोमध चिरला, आत खजूर-चिंचेची आणि लसणाची चटणी लावली, मसाल्यात घोळलेला बटाटा भरला, वर तिखट शेंगदाणे आणि डाळिंबाचे दाणे पेरले. मग तव्यावर दाबून भाजला आणि कडा शेवेत बुडवल्या. आमच्या साहेबांनी तीन खाल्ल्या होत्या! कच्छ हा खजुराचा मुलूख, म्हणून चटणीत खजूर. गोव्यात माड, म्हणून रसात नारळ. पाव बाहेरून आला, पण ज्या गावात गेला तिथले पिकलेले पोटात घेऊन तिथलाच झाला.

पुढच्या रविवारी त्या दोन मुलांपैकी एकाला आम्ही घरी बोलावले. आधी त्याच्या आईला फोन करून विचारले. त्या थोड्या अडखळत म्हणाल्या, "आमच्याकडे चालत नाही हो, म्हणून तो उठतो. मनात दुसरे काही नाही." आम्ही म्हटले, "काळजी करू नका." नवी कढई काढली, नवे तेल घेतले आणि खिमा चुलीवर चढण्याआधी वडे तळून बाजूला ठेवले. पाहुण्याला जे चालते तेच त्याच्यापुढे ठेवावे, हे आमच्या दादीने आम्हाला लहानपणीच शिकवले होते.

दस्तरखानावर एकाने वडा घेतला, एकाने खिमा. लादी मात्र एकच होती. तिच्यातला मधला, चारही बाजूंनी मऊ पाव कोणाचा, यावरून दोघांत चांगलीच जुंपली. शेवटी तो अर्धा-अर्धा झाला.

खरे सांगायचे तर डब्यात अजूनही बटाटाच जातो. आम्हीही आग्रह करत नाही. पण हल्ली सकाळी तो स्वयंपाकघरात येऊन सांगतो, "अम्मी, दोन पाव जास्त ठेव."