पस्तिसाव्या रस्त्यावरचा उन्हाळा

२८ मार्च २०२४
बेसबॉल हंगामाची पहिली मॅच आणि शिकागो व्हाइट सॉक्सचा ०-१ असा पराभव. पस्तिसाव्या रस्त्यावरच्या घरच्या मैदानावर, डेट्रॉईट टायगर्सकडून. तरी गॅरेट क्रोशे काय सुंदर खेळला! सहा इनिंग पिचिंग, आठ स्ट्राइकआउट, दिली ती एकच धाव. मेजर लीगमध्ये मॅचची सुरुवात त्याने याआधी कधीच केली नव्हती. तो उशिरा येऊन थोडंसं टाकून जाणारा पिचर, त्यात दोन वर्षांपूर्वी कोपराचं मोठं ऑपरेशन झालेलं. दोन आठवड्यांपूर्वी सॉक्सने आपला मुख्य पिचर डिलन सीस सॅन डिएगोला देऊन टाकला आणि पहिल्या दिवसाचा मान क्रोशेकडे आला. त्याने तो राखला. आपल्या बॅटरना मात्र त्याच्यासाठी एक धाव काढता आली नाही.

९ एप्रिल
पाडवा. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड कालच करून ठेवलं होतं. संध्याकाळी क्लीव्हलंडची मॅच लावली तर योआन मोंकाडा पहिल्या बेसकडे पळता पळता कोसळला. मांडीचा स्नायू. लुईस रॉबर्ट आधीच जायबंदी, एलॉय हिमेनेसही. ज्यांच्या भरवशावर हा संघ उभा राहायचा होता ते तिघेही पहिल्या दोन आठवड्यांत बाहेर. एखादा जखमी झाला तर बाकीचे सांभाळून घेतात, पण सांभाळून घेणारे मुळात ठेवलेच नव्हते. गेल्या वर्षी १०१ मॅच हरूनही हिवाळ्यात मालकांनी मोठा खेळाडू म्हणून कोणाला आणलं नाही. माझा राग त्यावर आहे.

२५ एप्रिल
मिनेसोटाने चारही मॅच जिंकल्या. २५ पैकी २२ हरलो.
आईचा मिरजेहून फोन. “अगं, रोज रोज हरणाऱ्यांचं काय बघत बसतेस?” तिला सांगितलं की बेसबॉलमध्ये सहा महिन्यांत १६२ मॅच असतात, जवळजवळ रोज एक. चांगला संघसुद्धा साठ-सत्तर हरतो. हरल्यावर तोंड लपवायला वेळ मिळत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात पुन्हा उतरायचं असतं. मला हा खेळ आवडतो तो यासाठीच. ती म्हणाली, “म्हणजे संसारच की!” आणि मग आंब्याच्या भावाकडे वळली.

२८ एप्रिल
टॅम्पा बेविरुद्धच्या तिन्ही मॅच जिंकल्या! काल दहाव्या इनिंगमध्ये अँड्र्यू बेनिनटेंडीने होम रन मारून मॅच संपवली, ८-७. आमच्या जिन्यावर उड्या पडल्या. शेजारचे आजोबा खाली राहतात, शहराच्या बसवर ड्रायव्हर होते, २००५ची वर्ल्ड सिरीज त्यांना चेंडू-चेंडू पाठ आहे. ८८ वर्षांनी आलेलं ते विजेतेपद. त्यांनी दार उघडून फक्त मूठ वर केली.

२३ मे
आजचा पराभव वेगळा लिहून ठेवायला हवा.
बाल्टिमोरविरुद्ध शेवटची इनिंग, ६-८ अशी पिछाडी, दोन बेसवर माणसं, एकच जण बाद. बेनिनटेंडीने चेंडू वर उडवला. पंचांनी ‘इनफिल्ड फ्लाय’ पुकारला, म्हणजे झेल घेतला जावो न जावो, बॅटर बाद. तो नियम बरोबरच आहे, नाहीतर क्षेत्ररक्षक मुद्दाम चेंडू सोडून दोघांना बाद करतील. पण त्याच वेळी दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू व्हॉन परत फिरताना गनर हेंडरसनच्या वाटेत आला असं ठरवून पंचांनी त्यालाही बाद दिलं. हेंडरसनने झेल सहज घेतला होता. व्हॉन मागे बेसकडे वळत होता, चेंडू कुठे आहे हे त्याला दिसतही नव्हतं. दोघे बाद, मॅच संपली. एवढ्या जवळ येऊन फलंदाजीची संधीच काढून घेतली गेली.
गुणतक्त्यात ही मॅच आणि एखादी ०-९ अशी हरलेली मॅच शेजारी शेजारी सारखीच दिसणार. मला ते खुपतं. म्हणून या वहीत शक्य तितकं लिहायचं, कोण कसं हरलं ते.

७ जून
बोस्टनला ७-२ हरवलं. सलग १४ पराभवांची माळ तुटली. क्लबच्या इतिहासात इतकी लांब माळ यापूर्वी नव्हती. मुलगा लिटल लीगमध्ये कॅचर आहे. आज सराव सोडून रेडिओपाशी बसला होता, मीही त्याला उठवलं नाही.

२९ जून
सकाळी नेपरव्हिलला मैत्रिणीकडे सगळी मराठी मंडळी जमली. बार्बाडोसला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून ट्वेंटी-२० विश्वचषक जिंकला, स्पर्धेत एकही मॅच न हरता. सूर्यकुमारचा सीमेवरचा झेल आम्ही पुन्हा पुन्हा पाहिला. पोहे, जिलबी, आरडाओरडा. मनापासून आनंद झाला.
दुपारी परत येताना कोणीतरी विचारलं, तुमच्या भागात तो हरणारा संघ आहे ना? आमच्याच भागात आहे, असं अभिमानाने सांगितलं.

१७ जुलै
आषाढी. आईने मंदिरातली गर्दी व्हिडिओवर दाखवली. सध्या ऑल-स्टारची सुट्टी. सॉक्सकडून क्रोशेची निवड झाली होती. मार्चमध्ये पहिल्यांदा मॅच सुरू करणारा मुलगा जुलैत लीगच्या उत्तम खेळाडूंमध्ये! सुट्टीआधी मात्र पुन्हा पराभवांची रांग लागली आहे. १० तारखेला मिनेसोटाविरुद्ध एकाच दिवशी दोन मॅच झाल्या, पहिली जिंकलो आणि दुसरी हरलो, तिथून सुरुवात.

२५ जुलै
वॉशिंग्टनमध्ये डिलन सीसने नो-हिटर टाकला. नऊ इनिंग, प्रतिस्पर्ध्याला एकही हिट नाही. सॅन डिएगोच्या शर्टात. मार्चपर्यंत तो आमचा होता. आमच्या बाजूला पराभव चालूच. सीसचा हेवा वाटला नाही, त्याचं कौतुकच वाटलं. इथल्या लोकांनी त्याला नवखा असल्यापासून पाहिलंय.

२९ जुलै
आज एरिक फेडी आणि टॉमी फॅम सेंट लुईसला, मायकल कोपेक लॉस एंजेलिसला. फेडी कोरियात जाऊन तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मग इथे आला. या वर्षी क्रोशेच्या जोडीला तोच काय तो टिकलेला. हरणाऱ्या संघाने जुलैअखेर चांगले खेळाडू विकून तरुण घ्यायचे, ही इथली रीत आहे आणि मला ती समजते. समजत नाही ते हे की २०२१ साली ९३ मॅच जिंकून गट जिंकणारा संघ तीन वर्षांत इथवर येतो कसा. ती मुलं एकत्र वाढली होती. त्यांच्याभोवती लागणारे चार अनुभवी खेळाडू वेळेवर घेतले असते, तर आज कोणी कोणाला विकायला काढलं नसतं.

५ ऑगस्ट
ओकलंडमध्ये १-५. सलग २१वा पराभव. अमेरिकन लीगमध्ये याआधी एवढे सलग पराभव फक्त १९८८च्या बाल्टिमोर ओरिओल्सचे.
ओकलंडचा संघही या वर्षानंतर शहर सोडून चालला आहे. तिथले लोक मालकाला उद्देशून ‘संघ विका’ म्हणून ओरडतात, कारण तो त्यांचा संघ उचलून नेतोय. इकडे हरणारे, तिकडे हरवले जाणारे. रात्री उशिरा रेडिओवर त्या ओसाड स्टँडमधला एकेका माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

६ ऑगस्ट
५-१. जिंकलो. काल जो धावफलक होता तोच आज उलटा. जोनाथन कॅननने पिचिंग केलं, तो अजून नवखा आहे. सुरुवातीच्या काही इनिंगमध्ये माझे हात गार पडले होते. आजोबांना खाली जाऊन सांगितलं, ते जागेच होते. मुलासकट आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात उभ्याने चहा घेतला.

८ ऑगस्ट
मॅनेजर पेड्रो ग्रिफोलला काढलं. या वर्षी २८ विजय, ८९ पराभव. मागच्या वर्षासकट ८९ विजय आणि १९० पराभव. हे आकडे कोणत्याही मॅनेजरला वाचवू शकत नाहीत आणि त्याच्या काही निर्णयांवर मीही चिडले आहे. पण संघ त्याने विकत घेतला नव्हता. खेळाडू कोणते, किती पगाराचे, धाकट्या लीगमधून कोण वर आणायचं, हे ठरवणारे वर बसतात आणि त्यांच्या वर मालक जेरी राइन्सडॉर्फ, १९८१पासून. माणूस बदलला की लोकांना काहीतरी झाल्यासारखं वाटतं. उरलेल्या हंगामासाठी ग्रेडी साइझमोर आलाय, क्लीव्हलंडचा पूर्वीचा आउटफिल्डर. त्याने याआधी मॅनेजर म्हणून काम केलेलं नाही. तो सौम्य दिसतो. या मुलांना आत्ता तेच हवंय.

१ सप्टेंबर
न्यूयॉर्क मेट्सकडून ०-२. १०७वा पराभव. क्लबच्या इतिहासात याआधी सर्वाधिक पराभव १९७०च्या हंगामात होते, १०६. आजोबा तेव्हा शाळेत होते. म्हणाले, तेव्हाही मैदानात जायचो, तिकीट स्वस्त मिळायचं.

७ सप्टेंबर
गणपती बसले. मुलाने आरास म्हणून हिरव्या कागदाचं मैदान केलं, पांढऱ्या टेपने चार बेस. मी काढायला सांगितलं नाही.

२२ सप्टेंबर
सॅन डिएगोत २-४. १२०. आता १९६२च्या मेट्सशी बरोबरी. आधुनिक काळात याहून जास्त पराभव कोणाचेच नाहीत.
दिवसभर सगळीकडे मेट्सची आठवण. पण मेट्स तेव्हा जन्माला आलेला संघ होता, बाकीच्या क्लबांनी नको म्हणून सोडलेल्या खेळाडूंचा. त्यांच्यावर न्यूयॉर्कने प्रेम केलं, कारण शहराला नुकताच नवा संघ मिळाला होता. व्हाइट सॉक्स १९०१पासून अमेरिकन लीगमध्ये आहेत. तीन विजेतेपदं आहेत, मोठं शहर आहे, टीव्हीचा पैसा आहे. ही तुलना मला मान्य नाही. मेट्सना दुसरं काही करताच आलं नसतं, इथे करता आलं असतं.

२४ सप्टेंबर
मुलाला घेऊन मॅचला गेले. लोक १२१वा पराभव बघायला आले होते, हे सरळ दिसत होतं. समोरचा संघ एंजल्स, ते पुढे होते. मग पूर्ण स्टँडमधून तोच घोष सुरू झाला, ‘संघ विका, संघ विका’. ऑगस्टमध्ये ओकलंडहून ऐकलेला. मीही ओरडले. मुलगा माझ्याकडे बघत राहिला.
आठव्या इनिंगमध्ये तीन धावा निघाल्या आणि ३-२ जिंकलो. ज्यांनी पराभव साजरा करायचं ठरवलं होतं, तेही उभे राहून टाळ्या वाजवत होते. काही जण मात्र पराभवच हवा म्हणून ओरडत राहिले. त्यांचा राग मला कळतो, तरी मैदानात खेळणाऱ्या पोरांसमोर ते नको होतं. राग मालकांसाठी आहे, तो तिथेच पोचायला हवा.

२६ सप्टेंबर
काल दहाव्या इनिंगमध्ये ४-३, आज ७-०. एंजल्सविरुद्धच्या तिन्ही मॅच जिंकल्या. घरच्या मैदानात १२१ होऊ दिला नाही. यात योगायोग असेल, पण त्या तीन दिवसांत कोणीही अंग चोरून खेळलं नाही, हे मी स्वतः पाहिलं.

२७ सप्टेंबर
डेट्रॉईटमध्ये १-४. १२१.
समोर तेच टायगर्स. २००३मध्ये ११९ मॅच हरलेला तो संघ. आज ही मॅच जिंकून ते दहा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचले. एकाच मैदानावर एकीकडे उड्या आणि मिठ्या, दुसरीकडे आमची मुलं सामान आवरत होती. टीव्हीवाल्यांनी दोन्ही एकाच चौकटीत दाखवलं. मी टीव्ही बंद केला नाही. ज्यांच्याबरोबर सहा महिने काढले त्यांना त्या वेळी सोडून जाणं बरं दिसलं नसतं.

२९ सप्टेंबर
काल ४-०, आज ९-५. हंगाम संपला. ४१ विजय, १२१ पराभव. शेवटच्या सहापैकी पाच जिंकल्या. वर्षभरात ५०७ धावा काढल्या आणि ८१३ दिल्या. हा फरक नशिबाचा नाही. क्रोशेने १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट केले आणि त्याच्या नावावर विजय सहा, पराभव बारा.

२ ऑक्टोबर
कॅन्सस सिटीने बाल्टिमोरला सलग दोनदा हरवून प्लेऑफची पहिली फेरी पार केली. गेल्या वर्षी कॅन्सस सिटी १०६ मॅच हरली होती, म्हणजे आमच्याहून पाच जास्त. तो तर छोट्या शहराचा संघ, आमच्याच गटातला. मग त्यांनी हिवाळ्यात पैसा काढला. सेथ लुगो आणि मायकल वाका असे दोन पिचर आणले, बॉबी विटला दीर्घ करार दिला आणि ८६ मॅच जिंकल्या. एका हिवाळ्याचं काम. हे उदाहरण मी येत्या हंगामापर्यंत भेटेल त्याला सांगणार आहे, कारण ‘हरणाऱ्या संघाला वेळ लागतो’ हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. वेळ लागतोच, पण त्यात पैसाही घालावा लागतो.

११ डिसेंबर
क्रोशे बोस्टनला गेला. बदल्यात चार तरुण खेळाडू आले: कॅचर काइल टील, ब्रेडन माँटगोमरी, चेस मायड्रॉथ, विकेलमन गोन्झालेस. मी दिवसभर कामावर गप्प होते. तो इथे हवा होता, त्याच्याभोवती संघ बांधायला हवा होता, माझं मत अजून तेच आहे.
मुलाला टीलबद्दल सगळं आधीच माहीत होतं, कॅचर ना. नवा मॅनेजर विल व्हेनेबल आहे. पहिली मॅच २७ मार्चला, घरच्या मैदानावर, एंजल्सशी. आजोबांनी तिकिटांचं विचारलं. तिघांची काढायला सांगितली.