भिशीचा हप्ता आणि चालण्याचा नेम

माझ्या दवाखान्यात येणारे बहुतेक रुग्ण रोजंदारीवर वा घरकामावर पोट भरणारे. त्यांना चालण्याचा व्यायाम सांगितला, की तो कोण टिकवील याचा अंदाज मला त्यांच्या बचतीच्या सवयीवरून येतो. भिशीचा हप्ता न चुकवणाऱ्या स्त्रिया चालण्यातही सहसा खंड पाडत नाहीत. हे केवळ माझे निरीक्षण. परंतु दोन्हींत आज थोडी झीज सोसायची असते आणि फळ पुढे कधीतरी मिळायचे असते.

तरीही ज्यांना हे जमत नाही, त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. उद्या काम मिळेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दहा वर्षांनंतरच्या गुडघ्यांची चिंता कशी करावी? दिवसभर धुणीभांडी करून आलेली बाई ‘व्यायाम करा’ ऐकून हसते, तेही रास्तच.

म्हणून मी दूरच्या भविष्याचे बोलत नाही. भिशी टिकते ती ठरलेल्या तारखेमुळे आणि चारचौघींच्या भिडेमुळे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटे डोईजड वाटतात; पण ती दहा-दहा मिनिटांच्या हप्त्यांनीही भरता येतात. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून निदान ३ दिवस तोल सांभाळण्याचा सरावही करावा. ओट्याला धरून एका पायावर उभे राहावे; घरातील कुणीतरी शेजारी असावे.

आमच्या भागातील एका बचत गटाने बैठकीनंतर देवळापर्यंत चालून येण्याचा नेम केला आहे. न येणारीला ५ रुपये दंड. त्यापेक्षा चालणे परवडते, असे गटातील सर्वांत वयोवृद्ध आजी सांगतात.