घारापुरीचा संसार

मैत्रिणींनो, सुट्टीत मुंबईला नातेवाइकांकडे जाणं आपल्यापैकी बऱ्याच जणींचं होतं. राणीची बाग, चौपाटी, महालक्ष्मी आणि दादरची खरेदी झाली की सुट्टी संपते. या वेळी त्यातला एक दिवस राखून ठेवा आणि घरच्या सगळ्यांना घेऊन लाँचने घारापुरीला जाऊन या. एलिफंटा म्हणतात तेच हे बेट. तासाभराचा समुद्रप्रवास, आणि पलीकडे चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वी कातळात कोरलेलं शिवाचं देऊळ!

गेटवे ऑफ इंडियाजवळून सकाळी नऊच्या सुमाराला लाँच सुटू लागतात. अंतर सुमारे 10 किलोमीटर. ताजमहाल हॉटेल हळूहळू लहान होत जातं, नांगरलेली मोठाली जहाजं बाजूने सरकतात, मुलं कठड्याशी धावतात. आणि आपण? आपण चक्क हात मांडीवर ठेवून बसतो! गॅस बंद केला का, दूधवाल्याला सांगितलं का, यातलं काहीच त्या तासात आपल्या हाती नसतं.

पण एका बाबतीत मात्र कुणाचंही ऐकू नका. लाँच सुटण्याआधी लहानथोर सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट चढवा आणि त्याचे बंद स्वतः ओढून पाहा. 18 डिसेंबर 2024 रोजी याच मार्गावर नौदलाची एक स्पीडबोट प्रवासी लाँचवर आदळली आणि 15 जणांचे प्राण गेले. ‘उकडतंय’, ‘साडी चुरगळते’ या सबबी घरीच ठेवून या. गर्दीने वाकलेली लाँच दिसली तर खुशाल सोडून द्या. मागून दुसरी येतेच.

धक्क्यावर उतरल्यावर बरंच चालायचं आणि मग सुमारे 120 पायऱ्या चढायच्या. दोन्ही बाजूंना दुकानं, आणि हातातल्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडं! माझ्या सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून त्यांच्यासाठी डोली केली. खुर्चीत बसून वर जाताना त्यांनी आम्हा चालणाऱ्यांना असा काही हात हलवला, की वाटलं कुठली महाराणीच निघालीय!

एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिलं, ते बेटावरच्या भल्यामोठ्या दगडी हत्तीवरून. पुढे 1864 साली तो हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना तो पडून फुटला. ते तुकडे 1914 साली जोडले. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

आता मुख्य लेण्याकडे या. बहुतेक मंडळी सरळ आत जातात, समोरच्या भव्य मूर्तीपुढे फोटो काढतात आणि परत फिरतात. ही मूर्ती सुमारे 18 फूट उंच. तिला त्रिमूर्ती म्हणण्याची सवय आहे, पण तिन्ही मुखं एकट्या शिवाचीच. मधलं शांत, आपल्या डाव्या हाताचं मिशीवालं रागीट, आणि उजव्या हाताचं कोमल, बाईचं वाटावं असं. एकाच माणसाची तीन तोंडं म्हणजे काय, हे संसारी बाईला समजावून सांगायला नको. पहिल्या तारखेला एक आणि महिनाअखेरीला दुसरं!

तेवढं पाहून वळू नका. माझं ऐका, इथल्या भिंतींवर एक अख्खा संसार कोरलेला आहे, तो क्रमाने पाहा. आधी उजवीकडे पश्चिमेच्या बाजूला शिवपार्वतीचं लग्न. पार्वती त्याच्या उजव्या हाताला उभी आहे, नव्या नवरीची जागा तीच. तिच्या खाली झुकलेल्या मानेतला लाजरेपणा दगडातही लपत नाही. मग पूर्वेच्या टोकाला कैलासावरचा सारीपाट. माझ्या पुतणीने तिथे मला थांबवलं, “काकू, हिने तोंड का गं फिरवलंय?”

“खेळात नवऱ्याने लबाडी केली म्हणून रुसलीय, असं म्हणतात,” मी म्हटलं. पुतणीचं लग्न पुढच्याच महिन्यात होतं. ती खुदकन हसली खरी, पण मग बराच वेळ तिथेच रेंगाळली.

त्रिमूर्तीच्या एका अंगाला जटेत गंगा झेललेला शिव आहे, दुसऱ्या अंगाला अर्धनारीश्वर. उजवं अर्ध अंग त्याचं, नंदीवर हात टेकलेलं; डावं तिचं, हातात आरसा घेतलेलं. लग्नात उजवीकडे उभी असलेली ती इथे त्याचं डावं अंगच झाली आहे. सासूबाई त्या मूर्तीपुढून हलेचनात. मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली होती. हळूच म्हणाल्या, “अगं, हे गेले तेव्हा मला अगदी अर्धं अंग गेल्यासारखं वाटायचं. मला वाटे, आपलंच मन हळवं.” मी नुसता त्यांचा हात धरला. त्या आजवर कधी असं बोलल्या नव्हत्या. घरी बोलायला वेळ तरी कुठे असतो म्हणा!

यातल्या कितीतरी मूर्तींचे हातपाय तुटलेले आहेत. तरी चेहरे पाहिलेत ना, की तुटलेलं विसरायला होतं. 1987 साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा ठरवलं.

उतरताना गावातल्या बायकांकडून काकडी, कैरी, ताक जरूर घ्या आणि घटकाभर बोला. समोर मुंबई रात्रभर लखलखत असताना या बेटावर विजेची तार पोचली ती 2018 साली! तोवर संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर त्यांनी स्वयंपाक उरकले, मुलांचे अभ्यास घेतले.

निघण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळतो, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. पायांत न घसरणाऱ्या चपला, पिण्याचं पाणी भरपूर. खाऊ झाकलेल्या डब्यातच न्या, नाहीतर तो माकडांच्या मुखी पडलाच म्हणून समजा. परतीची शेवटची लाँच किती वाजता, ते उतरल्याबरोबर विचारून ठेवा.

आणि हो, सहलीत पिशव्या राखत पायरीवर बसणारी बहुधा आपणच असतो. घारापुरीला तसं होऊ देऊ नका. पाळ्या ठरवून घ्या, आणि पहिली पाळी यजमानांना द्या!