शोधवृक्षाचा जमाखर्च

अल्गोरिदमचा विषय शिकवताना ज्या सूत्रापाशी वर्ग हमखास थबकतो, ते सूत्र इष्टतम शोधवृक्षाच्या खर्चाचे. आणि वर्गाने तेथे थबकावे हेच मला योग्य वाटते, कारण त्या एका ओळीत जो हिशेब दडलेला आहे तो उमगल्यावाचून पुढची सारी आकडेमोड निव्वळ पाठांतर ठरते.

शोधवृक्षाच्या मुळाशी एक शब्द असतो. वर्णानुक्रमाने त्याच्या आधीचे शब्द डाव्या शाखेत, नंतरचे उजव्या शाखेत, आणि प्रत्येक शाखेत पुन्हा हाच नियम. शब्द मुळाशीच सापडला तर एक तुलना, त्याखालच्या पातळीवर सापडला तर दोन. एखाद्या दफ्तरात अर्ज, खर्च, जमा आणि नोंद हे शब्द दर शंभर शोधांत अनुक्रमे ३०, २०, २५ आणि २५ वेळा शोधले जातात असे मानू. हे आकडे म्हणजे त्या शब्दांचे भार, आणि या शंभर शोधांत मिळून पडणाऱ्या तुलना म्हणजे वृक्षाचा खर्च. एवढ्या चार शब्दांचेही १४ निरनिराळे वृक्ष संभवतात. दहा शब्दांचे तर १६,७९६.

सूत्राचे सांगणे असे, की प्रत्येक शब्द आळीपाळीने मुळाशी ठेवावा. डाव्या उपवृक्षाचा किमान खर्च, उजव्याचा किमान खर्च आणि समूहातील सर्व शब्दांच्या भारांची बेरीज, ही तिन्ही मिळून ज्या मुळामुळे रक्कम सर्वांत कमी होईल ते मूळ पत्करावे. येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारतो, की मुळाशी बसला एकच शब्द, मग बेरीज साऱ्या समूहाची का? तर मुळाखाली जाताच दोन्ही उपवृक्षांतील प्रत्येक शब्द एकेक पातळी खाली उतरतो, म्हणजे त्याच्या प्रत्येक शोधाला एक तुलना अधिक पडते, आणि मुळाचा स्वतःचा भार त्यात मिळवला की ती संपूर्ण बेरीज होते. केवळ मुळाचाच भार धरला असता, तर चौदाही वृक्षांचा खर्च सारखाच, शंभर, आला असता, आणि चांगल्यावाईटाचा निवाडा करण्याची सूत्राची शक्तीच नष्ट झाली असती. पातळी हा शब्दही न उच्चारता हे सूत्र प्रत्येक पातळीचा हिशेब चोख ठेवते, हे मला त्याचे खरे सौंदर्य वाटते.

सर्वाधिक मागणीचा 'अर्ज' मुळाशी ठेवावा असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. परंतु तसे केल्यास उरलेल्या तिघांची मांडणी कितीही उत्तम केली तरी खर्च २१५ च्या खाली जात नाही. 'जमा' मुळाशी, डावीकडे 'अर्ज' व त्याखाली 'खर्च', उजवीकडे 'नोंद', अशी मांडणी केली की उपवृक्षांचे भार १००, ५०, २० आणि २५ होतात, आणि त्यांची बेरीज १९५ हाच वृक्षाचा खर्च असतो.

गिल्बर्ट आणि मूर यांच्या १९५९ सालच्या पद्धतीत शब्द दुप्पट झाले की काम सुमारे आठपट होई. १९७१ साली डोनाल्ड नूथ यांनी दाखवून दिले, की समूहाचे इष्टतम मूळ, त्यातील शेवटचा शब्द वगळून मिळणारे मूळ आणि पहिला शब्द वगळून मिळणारे मूळ, यांच्या दरम्यानच शोधले तरी पुरते. त्यामुळे काम आठपटीऐवजी चौपटच वाढू लागले, आणि या गुणधर्मामागील व्यापक असमता पुढे १९८० साली फ्रान्सिस याओ यांनी स्पष्ट केली. आपल्या दफ्तरात शेवटचा शब्द वगळल्यास मूळ 'खर्च' येते, पहिला वगळल्यास 'जमा'. म्हणून चौघांच्या समूहासाठी या दोघांचीच परीक्षा करायची, एकाचे २०५ आणि दुसऱ्याचे १९५, आणि 'अर्ज' व 'नोंद' यांना मुळाशी बसवून पाहण्याचे कारणच उरत नाही.